बंदोबस्त, शांतीकरण आणि प्रयोग : क्रीडामहोत्सवांच्या सुरक्षा-परिभाषेची चिकित्सा

मराठीत 'बंदोबस्त' हा शब्द पोलिसांच्या संदर्भात येतो तेव्हा त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे लक्षात घेण्याजोगी असतात. बंदोबस्त लागतो, वाढतो, कडक होतो आणि उठतो. गणेशविसर्जनासाठी तो लागतो, मिरवणूक संपली की उठतो. ज्या फारसी जोडशब्दावरून तो मराठीत आला त्यातील 'बंद' आणि 'बस्त' ही दोन्ही अंगे 'बांधणे' ह्या अर्थाच्या एकाच धातूची रूपे होत. बांधलेले केव्हातरी सोडावयाचे असते, ही जाणीव मराठी वाक्प्रयोगाने अभावितपणे टिकवून धरली आहे. न उठणारा बंदोबस्त अभिप्रेत असेल तर विशेषण मुद्दाम जोडावे लागते. आणि 'कायमचा बंदोबस्त' असे म्हणताच अर्थ पालटतो. कायमचा बंदोबस्त उंदरांचा करतात, उपद्रवी माणसाचा करतात. मिरवणुकीचा कोणी करीत नाही. (बंगालमध्ये १७९३ साली जमीनमहसुलाचा जो कायमधारा झाला त्याला तिकडे 'चिरस्थायी बंदोबस्त' हेच नाव पडले. रयतेला त्याचा काय अनुभव आला हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.)

'सुरक्षाव्यवस्था' ह्या नव्या शब्दाला असे कोणतेही समाप्तिवाचक क्रियापद चिकटलेले नाही. ती उभारली जाते, सक्षम केली जाते, अद्ययावत केली जाते. ती उठली असे म्हणण्याची रूढी नाही आणि तसे म्हटले तर ते दुर्घटनेचे वर्णन वाटेल. शिवाय 'सुरक्षितता' ही माणसाची अवस्था आणि 'सुरक्षा' ही शासनाची यंत्रणा, हा भेद मराठीत अजून पुष्कळसा शाबूत असताही, दुसरी वाढली म्हणजे पहिली वाढलीच असे वृत्तपत्रीय मराठी गृहीत धरू लागली आहे.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाही. गेल्या अर्धशतकात ऑलिंपिक, विश्वचषक व राष्ट्रकुल स्पर्धा ह्यांच्या निमित्ताने जगातील अनेक नगरांची पोलीसव्यवस्था पालटली, आणि ह्या पालटाचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले. फिलिप बॉयल व केव्हिन हॅगर्टी ह्यांचा २००९ चा 'स्पेक्टॅक्युलर सिक्युरिटी' हा निबंध, अथेन्ससंबंधी मिनास सामातास ह्यांचे लेखन, पीट फसी, जॉन कॉफी आणि त्यांचे सहकारी ह्यांचा लंडनवरील २०११ चा ग्रंथ, ही त्यातील ठळक उदाहरणे. ह्या वाङ्मयात एक संज्ञा वारंवार भेटते : 'अपवाद'. ज्योर्ज्यो अगाम्बेन ह्यांच्या २००३ च्या ग्रंथामुळे तिला तात्त्विक वजन आले. क्रीडामहोत्सवाच्या काळात नेहमीचा कायदा स्थगित होतो, नगर अपवादाच्या अवस्थेत जाते, आणि महोत्सव संपल्यावरही तो अपवाद मागे रेंगाळतो, असा ह्या विवेचनाचा सर्वसाधारण आशय असतो. तो चुकीचा नाही; परंतु फार ढोबळ आहे. कोणती गोष्ट रेंगाळते व कोणती निघून जाते, हे त्याने उलगडत नाही. त्यासाठी तत्त्वज्ञानाकडून कागदपत्रांकडे, आणि कागदपत्रांतही त्यांच्या शब्दयोजनेकडे वळावे लागते.

आरंभ म्यूनिकपासून करणे न्याय्य होईल, कारण सुरक्षेचा कोणताही टीकाकार म्यूनिकला वळसा घालून गेला तर त्याच्या टीकेस किंमत उरत नाही. १९७२ च्या ऑलिंपिकचे बोधवाक्यवजा वर्णन 'हाइटर' ह्या जर्मन विशेषणाने केले जात असे. चेहऱ्याला आणि हवामानाला सारखेच लागू पडणारे हे विशेषण आहे. मराठीतील 'प्रसन्न' त्याच्या अगदी जवळ जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची लष्करी छाया पुसून टाकावी, हा त्यामागील हेतू होता आणि तो सर्वस्वी सद्‌हेतू होता. म्हणून गणवेषधारी सशस्त्र पोलिसांऐवजी फिकट निळ्या पोशाखातील सुमारे दोन हजार निःशस्त्र सेवकांचे दल नेमण्यात आले. खेळाडूंच्या निवासग्रामाभोवती जाळीचे साधे कुंपण होते. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे ते ओलांडून आठ सशस्त्र माणसे आत शिरली. त्या दिवशी व त्या रात्री मिळून इस्रायली पथकातील अकरा जण आणि एक जर्मन पोलीस प्राणास मुकले. सुटकेचा प्रयत्न करण्यास लागणारे प्रशिक्षित पथक पश्चिम जर्मनीजवळ नव्हते, 'जी. एस. जी. ९' ह्या पथकाच्या स्थापनेचा निर्णय त्याच महिन्यात, परंतु घटनेनंतर झाला.

म्यूनिकनंतर कोणत्याही यजमान नगराला 'आम्हांस बंदोबस्त नको' असे म्हणणे शक्य राहिले नाही, आणि तसे म्हणावेही असे नाही. प्रश्न बंदोबस्त असावा की नसावा हा नसून, तो उठावयाचा केव्हा व तो उठविण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. पुढील चार उदाहरणे ह्या प्रश्नाच्या कसोटीवर तपासली असता 'अपवाद' ह्या संज्ञेचा अपुरेपणा ध्यानात येतो.

लंडनचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ६ जुलै २००५ रोजी लंडनला ऑलिंपिक मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी तेथील भुयारी रेल्वे व बसमधील बाँबस्फोटांत ५२ लोक मृत्यू पावले. तेव्हा २०१२ च्या तयारीवर भयाची गडद छाया असणे स्वाभाविक होते. खासगी कंपनीकडे सोपविलेली दहा हजारांहून अधिक रक्षकांची भरती ऐन वेळी फसली व सैनिकांची संख्या सुमारे १८ हजारांपर्यंत न्यावी लागली. विमानविरोधी क्षेपणास्त्रे सहा ठिकाणी ठेवण्यात आली, त्यांपैकी दोन ठिकाणे ही लोकवस्तीतील इमारतींची छपरे होती. लेटनस्टोन येथील फ्रेड विग टॉवर ह्या निवासी इमारतीच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै २०१२ रोजी त्यांचा अर्ज फेटाळला गेला. अपवादाच्या सिद्धान्ताला ह्याहून बोलके चित्र मिळणार नाही, आणि ते त्या वाङ्मयात वारंवार येतेही. परंतु महोत्सव संपला आणि क्षेपणास्त्रे गेली. सैनिक बराकींत परतले. ज्यावर सर्वांत अधिक ओरड झाली ते सर्वांत आधी नाहीसे झाले. मागे राहिले ते, ज्याला कोणी अपवाद म्हटलेच नव्हते : 'सिक्युअर्ड बाय डिझाइन' ह्या पोलीसपुरस्कृत मानदंडानुसार आखलेले निवासग्राम पुढे ईस्ट व्हिलेज ह्या नावाची नागरी वसाहत झाले. कोणती वाट मोकळी ठेवावयाची व कोणता कोपरा नजरेच्या टप्प्यात असावा, हे तेथे विटामातीतच ठरून गेलेले आहे. त्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेले नाही. जाणार तरी कशाविरुद्ध?

उघडपणे अपवाद म्हणून आलेले जाते, नित्याच्या नावाने आलेले राहते, हे निरीक्षण अथेन्सच्या बाबतीत अधिकच स्पष्ट होते. २००४ चे ऑलिंपिक हे सप्टेंबर २००१ नंतरचे पहिले उन्हाळी ऑलिंपिक. त्याच्या सुरक्षेवर एक अब्ज डॉलर्सहून अधिक खर्च झाला, आणि शेकडो कॅमेरे व एक केंद्रीय संगणकयंत्रणा ह्यांनी नगर जोडण्याचा घाट घातला गेला. ती यंत्रणा ऐन स्पर्धेत नीट चाललीच नाही, हे सामातास ह्यांनी दाखवून दिले आहे. कॅमेरे मात्र खांबांवर होते. स्पर्धा संपल्यावर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रीसच्या व्यक्तिगत-माहिती-संरक्षण प्राधिकरणासमोर आला. प्राधिकरणाने ते ठेवण्यास अनुमती दिली; अट एकच, की उपयोग वाहतुकीच्या नियमनापुरता व्हावा.

येथे एका निरुपद्रवी शब्दाने जे काम केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. वाहतूक कधी संपत नाही. ऑलिंपिक सतरा दिवसांचे, वाहतूक बारमाही. प्रयोजनाच्या ह्या बदलाने उपकरणाला मुदत उरली नाही. आणि रस्त्यावरून मोटारी जातात तसे मोर्चेही जातात. १९७३ च्या विद्यार्थ्यांच्या उठावाच्या स्मरणार्थ दर वर्षी १७ नोव्हेंबरला अथेन्समध्ये मोर्चा निघतो. मोर्चांत घडणारे गुन्हे टिपण्यास कॅमेरे वापरता येतील, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाच्या सरकारी अभियोक्त्यांनी दिला होता, आणि २००७ च्या मोर्चाच्या वेळी पोलिसांनी ते वापरले. प्राधिकरणाचे अध्यक्ष दिमित्रिस गुर्गुराकिस व काही सदस्य ह्यांनी त्याच महिन्यात राजीनामे दिले. ज्या संस्थेला ही व्यवस्था उठविण्याचा अधिकार असावयास हवा होता, तिच्यापाशी स्वतः उठून जाण्यापलीकडे उपाय राहिला नाही. अर्थात राजीनामा देणारे तरी तेथे निघाले, हेही नमूद केले पाहिजे. सर्वत्र तेवढेही घडत नाही.

रिओ द जानेरोची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे, आणि टीकाकारांनी ती पुष्कळदा सोपी करून सांगितली आहे. तेथील टेकड्यांवरील झोपडवस्त्या, ज्यांस फावेला म्हणतात, दीर्घकाळ शस्त्रधारी अमली-पदार्थ-व्यापाऱ्यांच्या ताब्यात होत्या. डिसेंबर २००८ मध्ये सांता मार्ता ह्या वस्तीत पोलिसांचे एक नवे ठाणे बसविण्यात आले. त्याचे नाव 'शांतीकारक पोलीस तुकडी'. आधी विशेष सशस्त्र दलाने वस्ती ताब्यात घ्यावयाची आणि मग नव्याने भरती केलेल्या पोलिसांनी तेथेच राहून रोजचा कारभार पाहावयाचा, अशी ही योजना होती. रिओची ऑलिंपिकसाठी निवड झाली ती २ ऑक्टोबर २००९ रोजी. म्हणजे योजना निवडीच्या आधीची आहे. ती ऑलिंपिकने जन्मास घातली असे म्हणणे कालविपर्यास होय. आरंभीच्या काही वर्षांत ह्या वस्त्यांतील गोळीबार व हत्या घटल्या, ही गोष्टही प्रामाणिक टीकाकार नाकारीत नाहीत. रात्री दार उघडे ठेवता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

ऑलिंपिकने केले ते एवढेच की योजनेचा नकाशा व वेळापत्रक ठरविले. तुकड्यांची संख्या २०१४ पर्यंत ३८ झाली, परंतु त्या प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यालगतचा श्रीमंत दक्षिण भाग, माराकाना स्टेडियमचा परिसर व विमानतळाकडील वाट ह्यांच्या आसपास एकवटल्या. शहराच्या पश्चिमेस, जेथे आजीमाजी पोलिसांच्याच खंडणीखोर टोळ्यांचे राज्य होते, तेथे त्या अगदी विरळ. विमानतळाच्या रस्त्यालगत पसरलेल्या मारे ह्या वस्तीसमूहात २०१४ च्या विश्वचषकापूर्वी एप्रिलमध्ये सैन्य शिरले व जून २०१५ पर्यंत राहिले. त्याच रस्त्याच्या कडेला काही वर्षांपूर्वी उंच पडदे उभारण्यात आले होते. शासनाने त्यांना ध्वनिरोधक म्हटले. आवाज कोणाचा व कोणाच्या कानी पडू नये म्हणून, हा प्रश्न वस्तीतील लोकांनी विचारला.

'पासिफिकासांव', म्हणजे शांतीकरण, ह्या शब्दाचा ब्राझीलमधील पूर्वेतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या नामकरणाचे नवल वाटावयाचे नाही. ब्राझीली सैन्याचे आराध्य पुरुष मानले गेलेले ड्यूक ऑफ काशियस (१८०३-१८८०) ह्यांची पदवी 'शांतीकर्ता' अशी आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रांतिक बंडे मोडून त्यांनी ती मिळविली, आणि त्या नावाचे सैनिकी पदक आजही दिले जाते. विसाव्या शतकात अरण्यातील आदिवासी जमातींना शासनाच्या कक्षेत आणण्याच्या मोहिमांनाही हाच शब्द लावण्यात आला. म्हणजे शांतीकरण हे नेहमी एकाने दुसऱ्याचे करावयाचे असते. मराठीतही 'शांत होणे' व 'शांत करणे' ह्यांत जे अंतर आहे ते सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि 'शांत झाले' ह्याचा एक अर्थ 'वारले' असाही होतो. वास्तुशांत राहावयास जाणाऱ्याने आपल्या घराची करावयाची असते. रिओमध्ये ती पाहुणे येण्यापूर्वी, यजमानाच्या गरीब भाऊबंदांच्या घरांची केली गेली.

जुलै २०१३ मध्ये रोसिन्या ह्या मोठ्या वस्तीत बांधकामावर बिगारीचे काम करणाऱ्या एका माणसाला अशाच तुकडीच्या पोलिसांनी चौकशीसाठी नेले. तो परत आला नाही आणि त्याचे प्रेतही मिळाले नाही. त्याचे नाव विचारणाऱ्या घोषणा त्या वर्षी देशभर निघालेल्या मोर्चांत ऐकू आल्या. २०१६ मध्ये न्यायालयाने त्या तुकडीच्या माजी प्रमुखासह अनेक पोलिसांना छळ व हत्येबद्दल दोषी ठरविले. त्याच वर्षी, ऑलिंपिक सुरू होण्यास सात आठवडे उरले असताना, रिओ राज्याने आर्थिक आपत्ती जाहीर केली. पोलिसांचे पगार थकले. महोत्सवासाठी सुमारे ८५ हजार सुरक्षासेवक उभे राहिले व तो पार पडला. परंतु ज्या योजनेने कायम वस्तीस राहण्याचे वचन दिले होते ती पुढील दोन वर्षांत खचली. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने राज्याची पोलीसव्यवस्था एका सेनाधिकाऱ्याच्या हाती सोपविली.

येथे अपवादाचा सिद्धान्त नेमका उलटा पडतो. फावेलातील रहिवाशांची तक्रार, पोलीस येऊन राहिले एवढीच नव्हती; राहतो म्हणाले आणि राहिले नाहीत, अशीही होती. शाळा, दवाखाने, मोऱ्या ह्यांची जी आश्वासने शांतीकरणाबरोबर आली होती त्यांचे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने छळाच्या प्रश्नाइतकाच खरा होता. जे उठावयास हवे ते राहते आणि जे राहावयास हवे ते उठते, असा हा दुहेरी अनुभव आहे. नुसत्या सत्तेच्या विस्ताराचे चित्र रंगविणाऱ्या टीकेला त्याचा एकच अर्धा भाग दिसतो.

पॅरिसच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न खुद्द कायद्याच्या शब्दांतच सापडतो. १९ मे २०२३ च्या फ्रेंच कायद्याचे शीर्षक २०२४ च्या ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांसंबंधी आहे. त्याच्या दहाव्या कलमाने कॅमेऱ्यांच्या चित्रांवर संगणकीय प्रक्रिया करून संशयास्पद घटना आपोआप ओळखण्याची अनुमती दिली. चेहरा ओळखण्यास मनाई आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. गर्दीची दाटी, बेवारस वस्तू, उलट दिशेने जाणारे वाहन, आग, कोसळलेला माणूस अशा आठ प्रकारच्या घटना पुढे शासकीय आदेशाने निश्चित करण्यात आल्या. सारे 'प्रायोगिक' आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत. पॅरालिंपिक ८ सप्टेंबर २०२४ रोजी संपले. ऑलिंपिकच्या नावाचा प्रयोग त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ चालावयाचा होता. शिवाय ऑलिंपिक हा शब्द शीर्षकात आहे. कलमातील अनुमती क्रीडा, मनोरंजन वा संस्कृती ह्यांच्या कोणत्याही मोठ्या व विशेष धोका असलेल्या कार्यक्रमांस लागू पडते. पहिली चाचणी झाली ती मार्च २०२४ मध्ये, एका संगीताच्या जलशात.

कलमात 'कार्यक्रम' ह्या अर्थी योजलेला फ्रेंच शब्द 'मानिफेस्तासियों' हा आहे. त्याचा मूळ अर्थ प्रकट होणे; आणि रोजच्या फ्रेंचमध्ये मोर्चालाही हाच शब्द आहे. मराठीतील 'निदर्शन' ह्या शब्दाची घडण थेट अशीच. मोर्चा आणि सामना ह्यांना वेगळे ठेवणारी भिंत ह्या कायद्यात तीन विशेषणांची आहे. विशेषणे वगळण्यास एक दुरुस्ती पुरते.

प्रयोग ह्या संज्ञेचे दोन आवश्यक घटक असतात : तो फसू शकला पाहिजे, आणि निष्कर्षापूर्वी निर्णय होता कामा नये. विज्ञानाच्या कोणत्याही पदवीपूर्व विद्यार्थ्याला हे ठाऊक असते. पॅरिसमध्ये मूल्यमापनासाठी स्वतंत्र समिती नेमली होती. तिचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये पुढे आला व त्यातील निष्कर्ष संमिश्र होते. निषिद्ध क्षेत्रातील प्रवेश ओळखण्यात यंत्रणा बरी ठरली, बेवारस वस्तूंच्या बाबतीत ती भरवशाची ठरली नाही. परंतु ही पद्धती सार्वत्रिक करण्याचा मनोदय शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्येच सूचित केला होता. पुढे सार्वजनिक वाहनांतील सुरक्षेच्या एका कायद्यात प्रयोगाची मुदत २०२७ पर्यंत वाढविणारे कलम घुसविण्यात आले. २४ एप्रिल २०२५ रोजी तेथील संविधान परिषदेने ते रद्द केले. कारण गुणदोषांचे नव्हते, मूळ विधेयकाच्या विषयाशी त्या कलमाचा संबंध नाही एवढेच होते. त्यानंतर २०३० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी मांडलेल्या विधेयकात तीच मुदतवाढ पुन्हा आली. एका महोत्सवाने आरंभिलेल्या प्रयोगाला पुढचा महोत्सव वय वाढवून देतो. नाटकाच्या प्रयोगाप्रमाणे ह्याचेही 'प्रयोग' होत राहतील, असा श्लेष मराठी वाचकाच्या मनात आल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही.

जे असे मागे उरते त्याला ऑलिंपिकच्या परिभाषेत 'वारसा' म्हणतात. २००३ पासून ही संज्ञा ऑलिंपिक सनदेतच आहे. वारशात मालमत्तेबरोबर कर्जही येते, हे जुन्या हिंदु कायद्याचे कोणीही अभ्यासक सांगतील. यजमान नगरांच्या वारसा-अहवालांत मात्र जमेची बाजू तेवढी आढळते, आणि वारस कोण ह्याचा उल्लेख क्वचितच असतो.

भारतातील उदाहरण दिल्लीचे, आणि त्यात मुंबईचा एक धागा आहे. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० ह्या काळात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यापूर्वी रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटविण्यासाठी फिरती न्यायालये चालविण्यात आली. त्यांच्या हाती कायदा होता तो मुंबईचा : १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक अधिनियम, जो पुढील वर्षी दिल्लीस लागू झाला होता. त्यात भिक्षेची व्याख्या गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, वस्तू विकावयास पुढे करणे ह्या निमित्तांनी मागितलेल्या दानासही कवेत घेते. वासुदेव, पोतराज व नंदीवाला ह्यांनी काय करावे, हे तो सांगत नाही. म्हणजे स्पर्धांसाठी नवा अपवाद करावाच लागला नाही. अर्धशतकापूर्वीचा नित्याचा कायदा नुसता धार लावून वापरता आला, आणि स्पर्धा संपल्यावर रद्द करावयास काहीच नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली ती ८ ऑगस्ट २०१८ रोजी.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. गुजरातीतही 'बंदोबस्त' हाच शब्द रूढ आहे. त्या स्पर्धांसाठी निघणारे आदेश, अधिसूचना, निविदा व पोलीस-परिपत्रके आतापासून संकलित केली, आणि प्रत्येक व्यवस्थेपुढे दोन रकाने आखून एकात तिच्या समाप्तीचा दिनांक व दुसऱ्यात ती उठविण्याचा अधिकार असलेल्या संस्थेचे नाव भरत गेल्यास, किती रकाने कोरे राहतात हे २०३१ मध्ये कोणाही अभ्यासकास पाहता येईल. हे काम आधी केले पाहिजे. स्पर्धा झाल्यावर असे कागद मिळत नाहीत, हा अथेन्सपासूनचा अनुभव आहे.